जयसिंगरावांना कळू देऊ नका

एका माणसाचा शेवट दुसऱ्या माणसाला कळू द्यायचा नाही, एवढंच काम होतं. ज्याचा शेवट होणार होता तो माणूस टीव्हीतला होता, म्हणजे खोटाच होता, आणि गुपित राखायचं होतं फक्त रविवारपर्यंत. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका नमकीन कारखान्याच्या प्रयोगशाळेत शेवेच्या तेलाची तपासणी करते. नको ते काही नमुन्यापर्यंत पोहोचू न देणं हाच माझा पेशा. तेव्हा हे आपल्याला जमेल, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

'नाइटरस्ट' ही मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका शहरात कायम रात्र असते आणि कायम पाऊस पडत असतो. ट्यूबलाइट कोणी लावत नाही. तिथे एक माणूस आहे, ज्याने हात लावला की लोखंड गंजून त्याचा भुगा होतो. बंदुका, तुरुंगाचे गज, खलनायकांच्या लांबलचक गाड्या, सगळ्याचा. पण दरवेळी त्याच्या स्वतःच्या रक्तातलं लोहही थोडं थोडं गंजत जातं. म्हणजे लोकांना वाचवता वाचवता तो मरत चालला आहे.

ही मालिका मी आणि माझे आजोबा जयसिंगराव पहिल्या सीझनपासून हिंदी डबिंगमध्ये एकत्र बघत आलो. आजोबांना घरात सगळे आबासाहेब म्हणतात. आमचे पूर्वज होळकरांच्या रिसाल्यात होते. त्या वैभवातला घोडा गेला, तलवार गेली, 'साहेब' तेवढं उरलं. मालिका बघताना आमचे वाद ठरलेले असायचे. मी म्हणायची, "आबासाहेब, गंज चढायला ओलावा लागतो, वेळ लागतो. एका सेकंदात हे शक्य नाही." ते म्हणायचे, "ओलावा कमी आहे का तिथे? रातदिन पाऊस! आणि रस्त्यात कचरा बघ किती. त्यांचं नगर निगम झोपलंय काय? आपल्या इंदुरात सकाळी गाणं वाजवत गाडी आली असती." त्या नायकाला ते 'आपला गंजवाला' म्हणायचे. त्याला दम लागला की आबासाहेब स्वतः पाणी प्यायचे.

शेवटच्या सीझनचा शेवटचा भाग यायच्या आदल्या दिवशी आबासाहेबांच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखाना, धावपळ, सह्या, हे सगळं वगळते. रक्तवाहिनीत जाळी बसवायची ठरली. ट्रॉलीवर निजलेल्या आबासाहेबांनी तरुण डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "ही जाळी गंजत तर नाही ना?" डॉक्टर मोठ्याने हसले. मी हसले नाही. मी मिश्रधातूचं नाव विचारून घेतलं. मग दार उघडलं, आणि आत जाता जाता आबासाहेबांनी माझं मनगट धरलं.

"मधू, माझ्याशिवाय बघायचं नाही. अन् मला आधी कोणी सांगता कामा नये. शेवट आपण दोघं बघू."

मी हो म्हटलं. दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात असं घट्ट बसलं की हा शब्द मी पाळला तर आबासाहेबांना काही होणार नाही, आणि मोडला तर होईल. या दोन गोष्टींमध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी त्या बाकावर बसून बघावं.

सगळं नीट पार पडलं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "टेन्शन द्यायचं नाही, धक्का द्यायचा नाही. रविवारी दाखवायला आणा, मग टीव्ही-बिव्ही बघू." तोवर तो भाग येऊन गेला होता आणि अख्ख्या इंदुराने तो पाहिला होता. कारखान्यात देवांश नावाचा माझा सहकारी सकाळीच म्हणाला, "दीदी, आखरी में जो होता है ना..." मी कानात बोटं घालून तेलाच्या पिंपांमागे पळाले. चौकातल्या केस कापायच्या दुकानात तेच, पोह्यांच्या गाडीवर तेच. आणि छत्रीबागेतल्या आमच्या बिल्डिंगचे जिने असे आहेत, की तळमजल्यावर कोणी शिंकलं तर तिसऱ्या मजल्यावरून 'शतायुषी व्हा' येतं. खबरदारी घ्यायला हवी होती.

बिल्डिंगचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर फक्त सचिव लिहू शकतात. सचिव म्हणजे तळमजल्यावरचे दिवाकर काका, एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आणि ते खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त न झालेलं. मी स्वच्छ मजकूर लिहून नेला: 'नाइटरस्ट मालिकेच्या शेवटच्या भागात नायक मरतो की जगतो, याचा उल्लेख माझ्या आजोबांसमोर कृपया कोणी करू नये.' खाली घेतलेल्या खबरदारीच्या दोन ओळी होत्या. यात संदिग्ध काय आहे? काही नाही. काकांनी चष्मा चढवला.

"हे नाही चालणार, बेटा. ग्रुपच्या नियमात मनोरंजनविषयक मजकुराला मनाई आहे. मागे कोणीतरी सिनेमाचं गाणं टाकलं होतं, केवढा हंगामा झाला."

"काका, हे मनोरंजन नाही. प्रकृतीचा प्रश्न आहे."

"तेच तर म्हणतोय मी. प्रकृतीविषयक सूचना म्हणून देऊ. मालिका काढ. नायक काढ, नायकही मनोरंजनातच येतो. काय उरलं? मरण. ते चालतं, मरणाला नियमात मनाई नाही. आता हे 'दाखवणार' काय लिहिलंय तू खाली?"

"रविवारनंतर मी स्वतः त्यांना दाखवणार."

"'सांगणार' लिहू. दाखवणार बरं नाही वाटत."

अशा रीतीने शुद्ध होऊन जे बाहेर पडलं ते असं: 'तिसऱ्या मजल्यावरील श्री. जयसिंगराव हृदयावरील उपचार घेऊन आज घरी येत आहेत. मृत्यूविषयीची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. त्यांच्या घरातील टीव्ही, पेपर व फोन बंद ठेवण्यात आले आहेत. योग्य वेळ पाहून त्यांची नात स्वतः त्यांना सांगणार आहे. सर्वांचे सहकार्य अपेक्षित.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र काकांनी आपल्या वतीने लावलं.

मी ते दोनदा वाचलं आणि मला काहीही खटकलं नाही. ज्याने नमुना तयार केला त्यानेच तो तपासू नये, असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. तो का आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. अर्थ मला आधीच माहीत होता, म्हणून मला तो तिथे दिसत होता. शिवाय एक गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नाही. जे मालिका बघतात ते बिल्डिंगचा ग्रुप उघडत नाहीत, आणि जे ग्रुप वाचतात त्यांना गंजवाल्याचा पत्ता नाही. माझ्या आईने, यशोधराने, तर तो ग्रुप केव्हाच म्यूट केला होता.

आबासाहेब घरी आले. मी टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली. पेपर खालच्या खालीच अडवला. त्यांचा फोन 'नेट खराब आहे' असं सांगून माझ्या पर्समध्ये ठेवला. आईला एवढंच सांगितलं, की डॉक्टरांनी शांतता ठेवायला सांगितलंय. ती शाळेत शिकवते, तिला शांतता या विषयावर जास्त काही सांगावं लागत नाही.

मग माणसं यायला लागली. आणि बिल्डिंगमधल्या लोकांमध्ये एवढी समज आहे, हे पाहून मला सुरुवातीला भरून आलं. कोणी बेल वाजवली नाही. दारावर बोटाने हलकेच टकटक करायचे, चपला पार जिन्यात काढायचे. दिवाकर काका आले ते आबासाहेबांसमोर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसून राहिले. मध्येच "चालायचंच" म्हणाले, आणि माझ्याकडे बघून दचकून गप्प झाले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, किती गुणी सचिव.

दुसऱ्या मजल्यावरच्या भानुमती काकू झाकलेली पातेली घेऊन आल्या. त्या आबासाहेबांकडे बघून एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की शेवटी डोळे पुसत स्वयंपाकघरात आल्या.

"खाऊन घे गं थोडं," त्यांनी माझ्या हातात पातेली दिली. "पिठलं-भात आहे. फोडणी अगदी नाममात्र."

फोडणी नाममात्र! हृदयरोग्याचा केवढा विचार! मी तेलाचं प्रमाण नजरेनेच जोखलं आणि खूश झाले.

"कसं निभावून राहिली आहेस एकटी, बेटा," काकू कुजबुजल्या. "यांना कधी सांगणार मग?"

"रविवारनंतर. डॉक्टर हो म्हणाले की."

"अन् तुला तरी पक्की खबर आहे ना?"

"नाही काकू, मलाही अजून नक्की माहीत नाही. मी मुद्दाम विचारलंच नाही कोणाला. आबासाहेबांबरोबरच कळू दे मला."

काकूंनी मला छातीशी धरलं. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही, कारण असं विचारत नसतात. दुःखाच्या घरात माणूस आपल्या मनाने हिशेब करतो, आणि काकूंनी तो केला. आबासाहेबांचे धाकटे भाऊ, सांवेरचे बाबूराव, भाऊ दवाखान्यात असूनही एकदाही दिसले नव्हते. खरं तर त्यांचं सोयाबीन शेतात कापून पडलेलं होतं, आणि आबासाहेबांनीच त्यांना दवाखान्यातून दम दिला होता, "माल घरात आल्याशिवाय यायचं नाही." पण काकूंचा हिशेब पक्का झाला. बाबूराव गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पहिल्या मजल्यावरून पिठलं-भात आला. मग समोरच्या दारातून पिठलं-भात आला. आता मला थोडं चमत्कारिक वाटायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे आबासाहेबांचा रक्तदाब. मी दर थोड्या वेळाने तो मोजत होते, आणि प्रत्येक पाहुण्यानंतर तो चढत होता. सकाळी बाल्कनीत उभे राहून आबासाहेबांनी सगळ्या कुंड्यांना हात लावला. मग म्हणाले, "मधू, माझा तो केशरी फेटा उन्हात टाक जरा. लागेल." कशाला लागेल, ते बोलले नाहीत. मी परत रक्तदाब मोजला. त्यांनी दंड पुढे केला, नजर मात्र भिंतीवर ठेवली.

दुपारी आई शाळेतून आली आणि स्वयंपाकघरात तीन घरांची पातेली बघून तिचा चेहरा उतरला.

"मधू, पिठलं-भात कोणी पाठवला?"

"सगळ्यांनीच. किती काळजी करतात बघ ना लोकं."

"अगं, हा पिठलं-भात सुतकाच्या घरी पाठवतात!" तिने माझे खांदे धरले. "कोण गेलं? खरं सांग. तुझे बाबा ठीक आहेत ना जबलपूरला? म्हणून फोन-पेपर बंद केलेत तू?"

"आई, कोणी गेलं नाहीये!"

"मग असं डोळे चुकवून का बोलतेस?"

मी डोळे चुकवत नव्हते, कुकरकडे बघत होते. पण आईने बाबांना फोन लावला. बाबा मीटिंगमध्ये होते, त्यांनी तो कापला. आई मटकन खाली बसली.

तेवढ्यात जिन्यात हल्लागुल्ला झाला. झालं असं होतं, की भानुमती काकूंनी बाबूरावांच्या पत्नीचं सांत्वन करायला म्हणून सांवेरला फोन केला होता आणि तो स्वतः बाबूरावांनी उचलला. मेलेल्या माणसाने 'हॅलो, बोला' म्हटल्यावर काकूंच्या हातून फोन पडता पडता राहिला. सावरून त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आधी इकडे या. घरात कोणीतरी गेलंय, जयसिंगरावांना सांगायचं नाही असं ठरलंय." मग काकू धीर द्यायला दिवाकर काकांसकट बिल्डिंगमधल्या चार जणांना घेऊन वर आल्या, पांढऱ्या साडीत. आणि त्यांच्या मागोमाग कापणीच्या धुळीने माखलेले बाबूराव मोटरसायकलवरून उतरून तसेच धावत आले. त्यांनी सरळ आबासाहेबांना मिठी मारली आणि हमसून रडायला लागले. कोणासाठी रडतोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. कोणीतरी गेलंय एवढं नक्की, मग उगीच उशीर कशाला.

आबासाहेबांनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. आवाज शांत होता.

"मला समजलंय," ते म्हणाले. "आता नाटक बंद करा. मधू, सरळ सांग. डॉक्टरांनी मला किती दिवस दिलेत?"

"आबासाहेब, तुमचं काही नाहीये हो! ते गंजवाल्याचं..."

"तुझ्या आजीचा भाऊ गेला तेव्हा ती आजारी होती," ते मला थांबवून म्हणाले. "तिला कळू नये म्हणून मी काय काय केलं होतं, ऐक. रेडिओचे सेल काढून ठेवले. पेपरवाल्याला खाली गाठायचो. भेटायला येणाऱ्यांना सांगायचो, हसत या. टीव्ही, पेपर, फोन, पाहुणे, दोन दिवस तू तेच करून राहिली आहेस. या कामात मी तुझ्याहून जुना आहे, बेटा. अन् हा बाबू सोयाबीन उघड्यावर टाकून आला. बरसात आली तरी जो शेत सोडत नाही, तो."

मी सगळं सांगितलं. मालिका, शब्द, ग्रुप, नियम, 'नायक काढ', सगळं. बोलता बोलता मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. पांढऱ्या कपड्यांतल्या पाच-सहा माणसांसमोर एका गंजणाऱ्या माणसाची गोष्ट सांगून बघा. दिवाकर काकांनी फोन काढून संदेश मोठ्याने वाचला. वाचत गेले तसा आवाज बारीक होत गेला. 'सहकार्य अपेक्षित' तर कोणालाच ऐकू आलं नाही.

"म्हणजे सीरियलसाठी?" बाबूरावांनी नाक पुसलं. "कटाई सोडून मी सीरियलसाठी आलो?"

"मी तर शेजारच्या गल्लीतही सांगून आले, तुम्ही गेलात म्हणून," भानुमती काकू म्हणाल्या.

"अहो वहिनी, मी समोर बसलोय!"

"तेच तर. आता मी तिकडे काय तोंड दाखवू?"

पण आबासाहेब हसले नाहीत. "छान रचलंय," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे."

हीच गोष्ट मला सहन होईना. मी खरं बोलत होते, आणि माझ्या खरेपणाचा एकही पुरावा माझ्याजवळ नव्हता. रिपोर्ट पुढे केला, तर म्हणाले, रिपोर्ट छापता येतात. आई एकटी सासऱ्यांना मामासाहेब म्हणते. ती म्हणाली, "मामासाहेब, डॉक्टरांनाच विचारा तुम्ही," आणि तिने सरळ फोन लावून स्पीकरवर टाकला.

"डॉक्टर, मी जयसिंगराव. साफ सांगा, माझं किती राहिलंय?"

"काय राहिलंय? अहो, तुमचं फर्स्टक्लास चाललंय! जाळी मस्त बसलीय. काय झालं?"

आबासाहेबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. हाही सामील, असा तिचा अर्थ होता. मी पुढे झाले. "डॉक्टर, मी मधुरिमा. रविवारपर्यंत टीव्ही नाही म्हणाला होतात, पण आता त्यांना एक भाग दाखवला नाही तर जास्त टेन्शन होणार आहे. नाइटरस्टचा शेवटचा."

"नाइटरस्ट? आजोबा नाइटरस्ट बघतात?" डॉक्टरांचा आवाज एकदम कॉलेजातल्या पोराचा झाला. "क्या बात है! मी कालच बघितला. अहो, तसं टेन्शन काही नाही त्यात, कारण शेवटी तो स्वतःच..."

"नको!"

मी ओरडले. आई ओरडली. दिवाकर काका ओरडले, भानुमती काकू दोन्ही हात वर करून ओरडल्या, "सांगू नका हो, सांगू नका!" बाबूरावांना काही समजलं नव्हतं, पण त्यांचा शेतावरचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. कोणीतरी फोन बंद केला. मीच केला असावा.

आबासाहेब एक एक चेहरा बघत गेले. सगळे धापा टाकत होते. एवढी माणसं एवढ्या घाईने आणि एवढ्या मनापासून घाबरली, ते ठरवून करता येत नाही, हे त्यांना पटलं असावं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले, की मी धावत रक्तदाबाचं यंत्र आणायला गेले.

"राहू दे गं ते," ते म्हणाले. "टीव्ही लाव."

डॉक्टरांनी परत फोन करून, अत्यंत तोलून-मापून, परवानगी दिली. बाबांचाही फोन आला. ते जिवंत असल्याबद्दल आई त्यांना रागावली. बाबूरावांनी हातपाय धुतले. आलेले कोणी जाईनात. मग सगळ्यांना ताटं वाढली. आबासाहेब मधोमध आरामखुर्चीत, अंगावर शाल, मी त्यांच्या पायाशी स्टुलावर. पडद्यावर अंधार झाला, पाऊस सुरू झाला. भानुमती काकूंना पहिल्यापासून सगळं समजावून सांगायला लागत होतं. गंजवाला पुलावर एकटा उभा होता आणि समोरून सगळं शहर चालून येत होतं.

मी मागे वळून बघितलं. आबासाहेबांचे डोळे मिटलेले होते.

मी त्यांच्या छातीवरच्या शालीकडे बघितलं. मग शाल हलली. वर, खाली. झोपले होते. दोन दिवसांत ते धड झोपलेच नव्हते, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं. मी स्टूल फिरवलं आणि शालीकडे बघत बसले. वर, खाली. एक थोडा उशिरा आला असं वाटलं, म्हणून पुढचा नीट बघितला. तो वेळेवर आला. माझ्या पाठीमागे काहीतरी कोसळलं, कोणीतरी कोणाचं तरी नाव घेऊन किंचाळलं, संगीत चढलं. दिवाकर काका "अरे रे रे" म्हणाले. बाबूराव "वा रे पठ्ठे!" म्हणाले. मी वळले नाही. वर, खाली.

संगीत थांबलं तेव्हा खोलीत हुंदके ऐकू आले. भानुमती काकू पदराने डोळे पुसत होत्या, आणि आता त्यांच्या पांढऱ्या साडीला कारण मिळालं होतं. आईने टीव्ही बंद केला. सगळे आबासाहेबांकडे बघत चवड्यांवर उठले, चपला हातात घेतल्या आणि दाराशी काकूंनी बिल्डिंगच्या वतीने माझ्या कानात शपथ घेतली, की आबासाहेबांपर्यंत शेवटाचं एक अक्षर पोहोचणार नाही.

दार लागल्याच्या आवाजाने आबासाहेब जागे झाले. पडद्याकडे बघितलं, रिकाम्या खोलीकडे बघितलं.

"झालं?"

"झालं."

"शेवटी काय झालं गं त्याचं? जगला?"

"मला माहीत नाही, आबासाहेब. मी नाही बघितलं."

"इथेच तर बसली होतीस इतका वेळ," ते म्हणाले. "मग बघत काय होतीस?"